पैलवानाच्या पायासाठी कौल

एकदा मी आमच्या ग्रामदेवतेला एका अमेरिकन पैलवानाच्या मोडलेल्या पायाबद्दल कौल लावला होता. घरात माझे सासरे उजवं अंग लुळं पडून खाटेवर होते. त्यांच्याही पायाचाच प्रश्न होता. सोमवार होता, गुरव रिकामा होता, माझ्या हातात सोललेला नारळ होता. देव एका वेळी एकाच गोष्टीचं उत्तर देतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ती एक गोष्ट मी टीव्हीतल्या माणसावर खर्च केली.

तेव्हा मी काही परकरातली पोर नव्हते. पस्तिशी उलटलेली, दोन मुलांची आई, बाजारात सुरमईचा डोळा बघून ती कधीची ते सांगणारी बाई. पण माझी अक्कल बाजारातून घरी येताना वाटेत कुठेतरी उतरून जायची. घरी पोचायची ती नुसती पिशवी.

टीव्ही नवऱ्याने मुंबईहून आणला, बसच्या टपावर, गादीत गुंडाळून. तो गोदीत कामाला होता. गणपतीला आणि शिमग्याला यायचा. बाकी वर्षभर त्याच्या जागी टीव्ही असे, आणि खरं सांगू, टीव्हीचा त्रास कमी होता. केबलवाल्याने आचऱ्याहून वायर ओढली ती माडामाडांवरून. वारा सुटला की पडद्यावरच्या माणसांना हिवताप भरायचा.

शनिवारी दिवेलागण झाली की कुस्ती लागायची. कुस्ती म्हणजे लाल मातीतली नव्हे. दोऱ्यांनी बांधलेला चौकोन आणि त्यात तेल चोपडलेले, चड्डीवर आलेले, दरवाजाएवढे रुंद बापये. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा विळीवर बसून बांगडे कापत होते. एकाने दुसऱ्याला डोक्यावर उचलून असा आपटला की मी "आई गे!" करून उठलेच. बांगडे मांजराने नेले. त्यानंतर माझा शनिवार चुकला नाही.

सासूबाई म्हणायच्या, "नागडे बापये बघतंस, लाज वाटना नाय?"

"आये, चड्डी आसा गो तेंका."

"आसा ती कितकी आसा ती बघ."

एवढं बोलून त्या खवणी घेऊन माझ्याच शेजारी येऊन बसत. टीव्हीचा उजेड नारळ खवायला बरा पडतो असं त्यांचं म्हणणं होतं.

डाव मला पाठ झाले. नावं इंग्रजीत, म्हणून मी माझी ठेवली. पाय धरून माणसाला गरगर फिरवतात तो रहाट. दोरीवर चढून खालच्या माणसावर अंग टाकायचं तो फणस. मान काखेत आवळायची तो अडकित्ता. अडकित्ता मी आधी उशीवर करून पाहिला, मग आमच्या पाडीवर. पाडीने मला गोठ्याच्या भिंतीला नेऊन लावलं. आठवडाभर मी कंबर धरून चालत होते आणि सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "आमच्या सुनेन वासराबरोबर कुस्ती लावल्यान. वासरू जिकला."

ही कुस्ती खरी असते यावर माझा एवढा विश्वास कसा बसला, याचं मला आज नवल वाटतं. आमच्या मुलखात दर जत्रेला दशावतार. देवळापुढे तलवारीने मारलेला राक्षस सकाळी माझ्या बापाच्या घरी चहात बटर बुडवून खायला बसायचा. त्याच्या कानामागे रंग राहिलेला असायचा, आणि ज्याने त्याला मारलं तो राजा शेजारी बसून त्याच्याकडे विडी मागायचा. हे बघत मी लहानाची मोठी झाले. तरी अमेरिकेतली माणसं, एवढी गोरी, एवढी धडधाकट, खोटं कशाला बोलतील असं मला वाटायचं. घाम दिसत होता ना! घाम कसा खोटा असेल?

सासरे रापणीचे तांडेल होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. ते पाण्यात कधी सोडायचं ते तांडेल ठरवतो. सासरे वाळूत उभे राहून कपाळावर आडवा हात धरून पाण्याकडे बघत. कुठे पाणी काळवंडलं, कुठे माशांनी ते खालून उकळवलं, ते त्यांना दिसे. मग हात खाली येई आणि सगळा वाडा धावत सुटे. बोलायचे कमीच. हाताने काम होत असेल तर जीभ कशाला हलवा, असा स्वभाव.

त्या माणसाच्या अंगावरून दिवाळीनंतर एका सकाळी तोंड धुता धुता वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. उरला एक "व्हय". दुखतंय, आबा? व्हय. दुखत नाही ना? व्हय.

मालवणच्या डॉक्टरांनी तळपायाला टाचणी टोचून पाहिली. म्हणाले, "पायात जीव आहे अजून. पण यांनी उभं राहायला पाहिजे. पावसाळ्याच्या आत एकदा स्वतःच्या बळावर उभे राहिले ना, तर चालतील, मी सांगतो. नाही राहिले तर पाय आखडत जाईल. मग माझ्या हातात काही नाही." आणि हातात दाबायला एक रबरी चेंडू दिला.

तेव्हापासून घरात दुसरी गोष्ट नव्हती. आबांनी उभं राहायचं. मी पहाटे तेल चोळायचे, सासूबाई दुपारी शेक द्यायच्या, चेंडू आम्ही आळीपाळीने त्यांच्या मुठीत कोंबायचो. "आबा, दाबा." ते आढ्याकडे बघत. "आवशीक खावंचा तुझ्या, दाबा म्हणता ती!" सासूबाई ओरडत. ते आढ्याकडेच बघत. चेंडू हातातून सुटून खाटेखाली जाई. मी वाकून काढत असे. अख्खा मार्गशीर्ष आणि पौष मी खाटेखालीच काढला म्हणा ना.

खाट पडवीत होती. पौष संपत आला तेव्हा मी ती आत टीव्हीपुढे घेतली. आबांची करमणूक होईल असं मी सासूबाईंना सांगितलं. खरं कारण असं की शनिवारी त्यांना पाणी हवं झालं की मला उठून पडवीत जावं लागायचं आणि नेमका तेव्हा कोणीतरी फणस करायचा.

त्या शनिवारी एक पैलवान आला. उंच, पोट जरा सुटलेलं, दाढी पिकत चाललेली. रिंगणात चढून तो लगेच भिडला नाही. कपाळावर आडवा हात धरला आणि चारी बाजूंच्या गर्दीवरून सावकाश नजर फिरवली.

खाटेवरून आवाज आला. आबा हसत होते. अर्ध्या तोंडाने, लाळ गळत, पण हसत होते.

"आबा, ह्यो तर तुमच्यासारखोच तांडेल!"

"व्हय!"

त्या दिवसापासून तो पैलवान आमच्या घरात तांडेल झाला. त्याने ठोसा मारला की आबांची डावी मूठ वळे, आणि थोड्या वेळाने उजवी बोटंही हलत. मी गुपचूप त्या बोटांत चेंडू सरकवत असे. तो दोर धरून उठला की आबा डाव्या हाताने खाटेचा गज धरून ओढ घेत. शिमगा जवळ आला तेव्हा ते गजाच्या आधाराने उठून बसत होते. "पाणी" म्हणू लागले. मला "बाये" म्हणून हाक मारायचे, तो शब्दही परत आला. सासूबाई आणि मी एकमेकींकडे बघायचो आणि काही बोलायचो नाही. बोललं की बिघडतं.

तांडेलाचा एक वैरी होता. रागावला की त्याचं तोंड पिकलेल्या काजूच्या बोंडासारखं लालबुंद होई, म्हणून मी त्याला बोंडू म्हणायचे. शिमग्याच्या सुट्टीला आलेला नवरा परत गेला आणि लगेचच्या शनिवारी बोंडूने दावा साधला. पंच कोपऱ्यात बेशुद्ध पडला होता. तो नेहमी नेमका तेव्हाच बेशुद्ध पडायचा. बोंडूने लोखंडी घडीची खुर्ची आणली, लग्नाच्या मांडवात असते तसली. तांडेलाचा पाय तिच्यात अडकवला आणि दोरीवरून उडी घेतली.

उजवाच पाय. दुसरा कुठला असणार?

तांडेल ओरडत होता, मी ओरडत होते, सासूबाई "मेलो मेलो" करत होत्या. चार माणसांनी त्याला झोळीत घालून नेलं. मी वळून पाहिलं तर आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

ते तोंड पुढचा आठवडा भिंतीकडेच राहिलं. पेज दोन चमच्यांपुढे जाईना. खाली सोडायला लागलेला पाय पुन्हा अंथरुणात गेला. मी रागावले, विनवलं, मागल्या दारी जाऊन रडून आले. सासूबाई म्हणाल्या, "गो, त्या मेल्याच्या हाडांका काय एक झाला नाय. तू ह्यांच्या पायाक शेक दी." मी शेक दिला. शेकलेला पाय भाजीतल्या शेवग्याच्या शेंगेसारखा निपचित पडून राहिला. बाहेर आंब्यांना रंग चढत होता. चैत्र, वैशाख, की आला पाऊस. मला डॉक्टरांचा चेहरा दिसायचा.

म्हणून मी देवळात गेले. घरून निघाले ती आबांच्या पायासाठीच, हे आजही शपथेवर सांगेन. पण वाटेत मी विचार केला, आणि मी विचार केला की घोटाळा ठरलेला. म्हटलं, आबा उठत नाहीत कारण तांडेल पडलाय. तांडेल उठला तर आबा उठतील. मग देवाला मुळाचंच का विचारू नये?

गुरवाने पाट मांडला. "बोल बाये, काय इचारूचा आसा?"

"एक पुरुष आसा. तेचो पाय मोडलो हा. तो परत उभो रवतलो काय?"

"नाव?"

"नाव ठावक नाय."

"घराणा?"

"घरातलो नाय. परको."

"गाव खंयचा?"

"लांबचा."

"लांबचा म्हणजे? दोडामार्ग?"

"तेच्या पलीकडे."

"गोव्याचो?"

"आणखी थोडो पलीकडे."

गुरवाने हातातलं फूल खाली ठेवलं. "बाये, देवाक हद्द आसता. शिवेच्या पलीकडे दुसऱ्या देवाचो कारभार. हयसरसून गोव्याच्या पलीकडचो पाय कसो उठतलो?"

मग मला सांगावंच लागलं. खालच्या मानेने सांगितलं. मला वाटलं आता नारळासकट बाहेर काढतो. पण तो हळूच म्हणाला, "कपाळार हात धरता, तोच मां?"

"व्हय."

"आमी शेजारी जातंव बघूक." तो जरा घुटमळला. "टीव्ही तुझ्या घरात आसा. घर शिवेच्या आत आसा. देवाक चलात."

आणि त्याने गाऱ्हाणं घातलं, चांगलं खणखणीत. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान आज तुझ्या पायाकडे हाक मारल्यान हा. जो कोण परमुलखाचो पुरुष पाय मोडून पडलो हा, तेका तुझ्या उजव्या हातान उठय रे म्हाराजा!" मागे दोन म्हाताऱ्या वाती वळत बसल्या होत्या. माझ्या सासऱ्यांचंच चाललंय असं समजून त्यांनी मनापासून साथ दिली, "व्हय म्हाराजा!"

देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आम्ही थांबलो. उजवी पडली.

मी धावत घरी आले. "आबा! देवान उजवो दिल्यान! तांडेल उठतलो!" आबांनी तोंड भिंतीवरून वळवलं. माझ्याकडे पाहिलं. "व्हय?" म्हणाले. पहिल्यांदाच त्या शब्दाला प्रश्नचिन्ह होतं. त्या दुपारी त्यांनी वाटीभर पेज घेतली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "कौल कोणासाठी लावलंस?"

मी सांगितलं.

"घरात माणूस लोळता," त्या म्हणाल्या, "आणि तू त्या टीव्हीतल्या मेल्यासाठी देवाक दमवलंस?" त्या स्वतः देवळाकडे निघाल्या. पण गुरवाने परत पाठवलं. एका घरातून पायाचा कौल झाला, आता पुन्हा पायाचंच विचारायचं तर जरा थांबावं लागेल म्हणाला. देव म्हणजे काय कोर्ट आहे, रोज उठून उलटतपासणी करायला? सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या शनिवारी तांडेल आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आबा गजाला धरून बसत, पडद्याकडे बघत, मग माझ्याकडे. मला इंग्रजी येत नव्हतं, पण आबांना तर त्याहून येत नव्हतं. कुस्ती सांगणारा माणूस काय ओरडत असे देव जाणे, मी सांगायचे, "आबा, म्हणता की तांडेल हॉस्पिटलात आसा. ताप उतरलो." मला खरंच वाटायचं की तो असंच काहीतरी सांगत असेल.

मग एके दिवशी वाऱ्याने वायर तुटली आणि केबलवाला माडावर चढायला आला. मी त्याला विचारलं, "तो कपाळार हात धरणारो कधी येतलो रे?"

"वैनी, ता सगळा कधीचा झालेला," तो वरूनच म्हणाला. "थयसर आधी होता, मगे टेपी येतत, मगे आमका दिसता. तुमचो पैलवान आतापर्यंत एक तर उठलो असतलो, नायतर कायमचो घराक गेलो असतलो. आणि कोण जिकता ताही आधीच ठरवतत."

"कोण ठरवता?"

"कंपनीचो मालक."

"मगे मालकाक सांग."

"वैनी," तो म्हणाला, "मी आचऱ्याचो केबलवालो."

मी माडाखाली उभी राहिले. माझ्या बापाच्या घरचा राक्षस, त्याच्या कानामागचा रंग, सगळं त्या क्षणी आठवलं. म्हणजे मी देवाला विचारलं ते आधीच होऊन गेलेलं. मी पंचाला घातलेल्या शिव्या, तांडेलाला दिलेला धीर, सगळं कोणत्या तरी महिन्यातल्या शिळ्या गोष्टीला. करण्यासारखं काही नव्हतंच. कधीच नव्हतं.

पण आत आबा बसले होते, चेंडू हातात घेऊन. त्यांना काय सांगू? तोवर मी अडाणीपणाने बोलत होते. पुढच्या शनिवारपासून खोटं बोलू लागले. "आबा, तांडेल आज उठून बसलो." आबा गजाला न धरता बसले. "आबा, आज पाय खाली सोडल्यान." आबांनी पाय खाली सोडला, बोटं जमिनीला टेकवली. सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांनी मला माझ्या खोटेपणाबद्दल एका शब्दाने हटकलं नाही, आणि तेव्हा मला कळलं की त्याही किती घाबरल्या आहेत.

आता पुढची पायरी उभं राहण्याची. आणि तिथे मी अडकले. तांडेल उभा राहिला म्हणावं, तर आबा पडद्याकडे बघणार. कुठे आहे? म्हणून मी त्याला बसवूनच ठेवला. आज जरा पाय दुखतोय. आज डॉक्टर नाहीत. शनिवारमागून शनिवार तांडेल अमेरिकेत बसून होता आणि आबा आमच्या घरात त्याच्यासोबत बसून होते. बाहेर लोक होड्या वर ओढून माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारत होते. फणसांचा वास सुटला होता. मी खोटं बोलून त्यांना खाटेच्या कडेपर्यंत आणलं होतं आणि तिथून पुढे न्यायला माझ्याकडे खोटंही उरलं नव्हतं.

आणि मग एका शनिवारी तो आला.

पावसाआधीचा वारा सुटला होता. लाईट दोनदा जाऊन आली होती. सासूबाई वाळत टाकलेली लाकडं आत घ्यायला मागल्या दारी गेल्या होत्या. पडद्यावर बोंडू तांडेलाच्या एका जुन्या दोस्ताला, तरण्या पोराला, मारत होता. केबलची पिन सैल झाली होती; चित्र दिसायचं तर कोणीतरी टीव्हीच्या मागे हात घालून ती दाबून धरायला हवी. मी टीव्हीला मिठी मारल्यासारखी उभी होते, मान वाकडी करून पडदा बघत, आबांकडे पाठ करून.

गर्दी एकदम उठली. गाणं वाजलं. तांडेल चालत येत होता. लंगडत नव्हता. कपाळावर हात.

"आबा! इलो! तांडेल इलो! बघा, उभो आसा, चलता!"

तो दोर ओलांडून आत आला. बोंडू मागे सरकला. तांडेलाने खुर्ची उचलली. "घाल!" मी ओरडले. "घाल तेच्या टकलार!" त्याने खुर्ची वर नेली, आणि आपल्याच दोस्ताच्या पाठीत घातली. एकदा, दोनदा. मग बोंडूने हात पुढे केला आणि तांडेलाने तो धरला. दोघांनी धरलेले हात वर नेले.

माझं तोंड सुटलं. मेल्या, हरामखोरा, ह्याच्यासाठी तुका उठवलो? देवाक दमवलंय तुझ्यासाठी! सासूची बोलणी खाल्लंय! त्याला, बोंडूला, अमेरिकेला, मालकाला, मी एकेकाला धरून शिव्या देत होते. पिन सोडली नव्हती हं. पिन घट्ट दाबून शिव्या देत होते.

मागे धप्प आवाज झाला.

आबा खाली होते. खाट आणि भिंतीच्या मध्ये नव्हे, समोर, खाटेपासून हातभर पुढे. डावं कोपर खरचटलं होतं, एवढंच. सासूबाई हातातली लाकडं टाकून धावत आल्या. आम्ही दोघींनी त्यांना उचलून वर घेतलं. "घरंगळले असतीत," सासूबाई म्हणाल्या. "व्हय," मी म्हटलं. आबांनी डोळे मिटून घेतले.

चार दिवसांनी पाऊस लागला. पाय डॉक्टर म्हणाले तसाच आखडत गेला. आम्ही दोन्ही बाजूंनी धरून उभं करायचा प्रयत्न केला, काठी आणली, खांबाला दोर बांधला. पुढली काही वर्षं, गेले तोपर्यंत, ते त्या खाटेवरच होते. शनिवारी टीव्ही मी बंद ठेवू लागले.

आता माझी नात मोबाईलवर काय वाटेल ते शोधून काढते. मी तिला खाणाखुणा सांगितल्या, पिकती दाढी, कपाळावर हात, खुर्ची. तिने शोधलं. "आजी, हा घे तुझा म्हातारा!" आम्ही दोघींनी पाहिलं. काय ते भोंगळ नाटक! खुर्ची लागायच्या आधीच पोरगा खाली पडायला लागतो. बोंडू तर चक्क हसू दाबतोय. नात लोळून हसली, मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आमच्या दशावतारातला राक्षस याहून बरा मरायचा.

"परत लावू?" ती विचारते. मी म्हणते, लाव. तिला वाटतं आजीला कुस्तीचं वेड. मी बघते ते दुसरंच. तो दोर ओलांडून आत येतो तिथपासून दोघे हात वर करतात तिथपर्यंत किती वेळ जातो, ते. तेवढ्यात एक माणूस, उजवं अंग नसलेला, गज सोडून, एका पायाने दुसऱ्याला सावरत, उठू शकेल का. दर वेळी वाटतं, उठू शकेल. वेळ आहे तेवढा.

आबा पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. काल तांडेलाने असं का केलं त्याचं काहीतरी चांगलं कारण मी रात्री जुळवून ठेवलं होतं आणि तेच सांगत होते. त्यांनी जिभेने चमचा बाहेर लोटला. इतक्या महिन्यांत दोन शब्द एकापुढे एक आले नव्हते. एकेक शब्द शोधून, मध्ये थांबून, माझ्याकडे बघत ते म्हणाले,

"बाये, मी उभो रवललंय. तू बघूक नाय."